यंत्र बोटीवर आहे, पण वेळेला बोलेल का?



३१ जुलैला बंदी संपते. जाळी दुरुस्त करणं, इंजिन खोलणं, रंग काढणं, सगळं जोरात चाललंय. पण केबिनच्या कोपऱ्यात टांगलेल्या एका यंत्राकडे कोणी बघत नाही. संकटाचा इशारा देणारं यंत्र, आपण ज्याला डॅट म्हणतो ते. माझं मत सरळ सांगतो. ज्या बोटीचं डॅट तपासलेलं नाही, त्या बोटीला १ ऑगस्टला सोसायटीने डिझेल देऊ नये. काहींना राग येईल, ठाऊक आहे. पण आधी विमानांचं काय होतं ते ऐका.

२४ मार्च २०१५ च्या रात्री नौदलाचं डॉर्नियर विमान आपल्या गोव्याच्या दर्यात, किनाऱ्यापासून साधारण २५ सागरी मैलांवर कोसळलं. आत तिघे होते. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले. वैमानिक वाचले, आणि त्यांना पाण्यातून वर घेतलं ते एका मासेमारी बोटीने. आपल्या धंद्यातल्या माणसांनी.

विमानात संकटाचा इशारा देणारं एक यंत्र बसवलेलं असतं. जोराचा धक्का बसला की आतला स्विच आपोआप चालू होतो आणि साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा निरोप उपग्रहाकडे जातो. ताकद किती, तर ५ वॉट. देवघरातल्या लहान बल्बाएवढी. उपग्रहाकडून तो निरोप जमिनीवरच्या केंद्रात येतो. आपल्या देशातलं केंद्र बेंगळुरूला इस्रोकडे आहे. तिथून शोध घेणाऱ्यांना कळवतात.

एवढं असून ते गप्प राहतं. धक्क्याने अँटेनाची वायर तुटते. आग लागते. बॅटरीची मुदत संपलेली असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. खाऱ्या पाण्यात वीतभर खाली गेलं तरी ते रेडिओचा आवाज वर जाऊ देत नाही. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ विमान चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ माणसांसकट नाहीसं झालं. तेव्हा संरक्षणमंत्री आपले मनोहरबाब पर्रीकर होते. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळं कामाला लावलं, पण कुठून इशारा आला नाही. अवशेष दिसले ते जानेवारी २०२४ मध्ये, साधारण ३४०० मीटर खोल. साडेसात वर्षं घरच्यांनी कशी काढली असतील, ते दर्यावर माणूस पाठवणाऱ्या बाईला विचारा.

पाण्याखाली ऐकू येतो तो ब्लॅक बॉक्सचा पिंगर, पण त्याची बॅटरीही साधारण महिनाभरच टिकायची. जून २०१५ मध्ये तटरक्षक दलाचं डॉर्नियर तामिळनाडूच्या दर्यात पडलं, तेव्हा तो आवाज नौदलाच्या सिंधुध्वज पाणबुडीने पकडला आणि जुलैमध्ये विमान सापडलं. माणसं काही परत आली नाहीत.

आता आपल्याकडे या. विमानातलं यंत्र धक्क्याने चालू होतं, आपलं बोटाने दाबावं लागतं. म्हणजे बोट उलटायच्या आधी, यंत्र पाण्याच्या वर असताना, कोणीतरी हात तिथपर्यंत पोचवला पाहिजे. केबिनला कुलूप आणि किल्ली तांडेलाच्या खिशात, मग काय उपयोग? ते कुठे आहे, कुठलं बटण कशाचं, हे सर्वात नव्या खलाशाला माहीत हवं. आपल्याकडे खलाशी झारखंड-ओडिशाचे, दर मोसमाला बदलतात. त्यांना कोण दाखवतं, सांगा.

दुसरं, प्रत्येक यंत्राला नंबर असतो. त्या नंबरापुढे कोणाचं नाव आणि फोन लिहिलाय यावर पुढचं सगळं. जगात असे जे इशारे येतात त्यातले बहुतेक खोटे निघतात, चुकून दाबलेले. म्हणून खात्री करायला आधी फोन करतात. बोट विकली आणि नाव जुन्याच मालकाचं राहिलं, तर फोन त्याला जाणार. तो म्हणणार, माझी बोट नाही. तेवढा वेळ गेला.

काही जण म्हणतात, डॅट लावलं की आपण कुठे जातो ते सरकारला कळतं. डॅट बटण दाबल्यावर बोलतं, रोजची हजेरी लावत नाही. काही म्हणतात मोबाईल आहे. २५ मैलांवर रेंज दाखवा. इस्रोने २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीचं डॅट आणलं, त्यात निरोप पोचल्याचं उत्तर परत बोटीवर येतं. मिळत असेल तर तेच घ्यावं, कारण बुडणाऱ्या माणसाला आपलं ऐकलं हे कळणं फार मोठं असतं. पण नवंसुद्धा बॅटरी मेली तर डबाच.

तपासताना एक सांभाळा. चालतं का बघायला म्हणून संकटाचं बटण दाबू नका, चाचणीची सोय वेगळी असते. चुकून दाबलंच तर लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा.

डिझेलचा विषय मी येत्या सभेत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी सभेत उभं राहून बोलावं, जेटीवर नको. ज्यांनी बोट जुनी विकत घेतली आहे त्यांनी यंत्राचा नंबर आणि बोटीचे कागद घेऊन ऑफिसात यावं. अर्ज मी भरून देतो.

– सेक्रेटरी