लाल सिग्नल कुणी ओलांडला, हा दुसरा प्रश्न

१५ एप्रिल २०२२ ची रात्र. दादरहून सुटलेल्या पुदुच्चेरी एक्सप्रेसला माटुंग्याजवळ सीएसएमटीहून निघालेल्या गदग एक्सप्रेसने धडक दिली. पुदुच्चेरीचे मागचे तीन डबे घसरले. कुणी दगावलं नाही, त्यामुळे दोन दिवसांत आपण सगळे विसरलोही. गदग एक्सप्रेसने लाल सिग्नल ओलांडला, असं प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. रेल्वेच्या भाषेत 'स्पॅड'.

'मानवी चूक' म्हटलं की बातमी संपते. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे खटकतंच. आमच्याकडे सर्व्हर बसला की "अमक्याने चुकीची कमांड दिली" हे उत्तर चालत नाही. एका कमांडने सगळं बसू शकत होतं, तर ती चालू दिली कुणी? (निदान कागदावर तरी असं आहे, चिडलेला मॅनेजर वेगळा.)

मुंबईच्या लोकलमध्ये ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम १९८० च्या दशकापासून आहे. मोटरमनने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केलं, तर ती स्वतः ब्रेक लावते. म्हणजे माणूस कधीतरी चुकणारच, हे रेल्वेला तेव्हापासून ठाऊक आहे. पण ती आणली लोकलसाठी, आणि दादर-माटुंगा पट्ट्यात लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात.

यंत्रापेक्षा अवघड भाग माहितीचा. लंडनच्या पॅडिंग्टनजवळ ५ ऑक्टोबर १९९९ ला ३१ जण गेले. ड्रायव्हरने 'एसएन १०९' हा सिग्नल लाल असताना ओलांडला होता. तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता! आपल्याकडे बालासोर, जून २०२३, अडीचशेहून जास्त बळी. चुकीच्या वायरिंगमुळे तशीच घटना त्याच खरगपूर विभागात १६ मे २०२२ ला घडली होती. तेव्हाच दुरुस्ती केली असती तर हा अपघात टळला असता, असं रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवालच म्हणतो.

मग थोडक्यात निभावलेले प्रसंग वर का पोचत नाहीत? स्पॅड झाला तर नोकरी जाण्यापर्यंत शिक्षा. अशात स्वतःहून कोण सांगेल? स्कॉटलंडमध्ये १९९६ पासून रेल्वे कर्मचाऱ्यांना नाव गुप्त ठेवून धोका कळवता येतो. पुढे ती सोय ब्रिटनभर झाली.

'कवच' बसेल तेव्हा बसेल. असा फॉर्म आमच्यासारखे दोघं आठवड्यात बनवतील. तो भरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चार्जशीट मिळणार नाही, ही हमी मात्र वरच्या साहेबांनाच द्यावी लागेल.