गणित-विज्ञानातून सूट: आधार की अडसर?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या स्तराचे अंकगणित घेता येते. विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र हा विषय निवडता येतो. सीबीएसईनेही असे पर्याय ठेवले आहेत. या सवलतीमागचा हेतू चांगलाच आहे. पण ज्याच्या गुणपत्रकात नेहमीचे गणित-विज्ञान नाही, त्याच्यासाठी अकरावी विज्ञान आणि पॉलिटेक्निकची वाट तिथेच खुंटते. तेरा-चौदाव्या वर्षी, बहुधा मोठ्यांच्या सल्ल्याने घेतलेला निर्णय जन्मभराचा होऊन बसतो. ही सवलत ठेवावी की काढावी, याचा विचार म्हणूनच दोन्ही बाजूंनी व्हायला हवा.

सवलतीची बाजू कमकुवत नाही. आठवी-नववीत दृष्टी गेलेल्या मुलाला एकाच वेळी ब्रेल शिकायचे असते, चालणे-फिरणे नव्याने शिकायचे असते आणि मनालाही सावरायचे असते. तालुक्याच्या शाळेत ब्रेलमधून गणित शिकवू शकणारा शिक्षक मिळत नाही. अशा वेळी नियमाच्या हट्टापायी ते मूल नापास झाले आणि शाळेतून गळाले, तर समतेचे तत्त्व त्याच्या काय उपयोगाचे? शिवाय प्रत्येकाला विज्ञानात रस असतोच असे नाही. संगीत, भाषा, कायदा, अध्यापन या क्षेत्रांत सन्मानाने उभ्या राहिलेल्या अनेक दृष्टिहीनांना दहावीची पायरी या सवलतीनेच ओलांडता आली.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने पूर्ण गेली. तरीही त्यांनी पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली आणि आयआयटी मुंबईत पुढचे शिक्षण केले. १९९४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून ते पीएचडी झाले. गणिती मजकूर आवाजातून नेमका कसा ऐकवता येईल, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. असाधारण बुद्धीच्या एका माणसाकडे बोट दाखवून सगळ्यांना 'तुम्हीही करा' म्हणणे अन्यायाचे होईल. पण दृष्टी नसली की गणित जमत नाही, हा समज खरा नाही, एवढे यातून नक्की सिद्ध होते.

मग अडते कुठे? वर्गात शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता म्हणतात, 'ए प्लस बी अपॉन सी'. पाहणाऱ्या मुलाला भागाकाराची रेघ दिसते. ऐकणाऱ्या मुलाला मात्र सी हा ए आणि बी या दोघांखाली आहे की फक्त बीखाली, हे कळायला मार्ग नसतो. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. परीक्षेत हीच अडचण उलट्या बाजूने उभी राहते. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, वर्गसमीकरणाचा धडा त्याने वाचलेलाही नसतो. विद्यार्थ्याने प्रत्येक पायरी तोंडी सांगायची आणि त्याने ती अंदाजाने उतरवायची. त्यात गेलेले गुण विद्यार्थ्याच्या गणिताचे नसतात, पण वजा त्याच्याच खात्यातून होतात.

यावर उपाय आहेत. गणितासाठी नेमेथ ब्रेल संहिता १९५० च्या दशकापासून वापरात आहे. आपल्या अंधशाळांत टेलर फ्रेमवर मुले आकडेमोड करतात. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर विनामूल्य मिळते. मात्र पुस्तकाची पाने स्कॅन करून नुसती चित्रे म्हणून चढवली, तर त्याला वाचायला काहीच उरत नाही.

प्रयोगशाळेबद्दल सुरक्षिततेची शंका घेतली जाते, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. आम्ल आणि बर्नर यांच्याशी खेळ नको. तरी आपण नेमके काय तपासतो, हे विचारायलाच हवे. आम्ल-आम्लारी अनुमापनात फिनॉल्फ्थॅलिन रंगहीनाचे फिके गुलाबी होते. तो रंग दिसणे म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. उदासिनीकरण कोणत्या थेंबाला पूर्ण झाले हे ओळखणे आणि त्यावरून संहती काढणे, हे रसायनशास्त्र आहे. रंगातला बदल आवाजाने सांगणारा प्रकाशसंवेदक वापरून किंवा सहकाऱ्याकडून निरीक्षण ऐकून ते करता येते. हाताने करण्याचा जो भाग खरोखर धोक्याचा असेल तेवढाच वगळावा. त्यासाठी अख्खा विषय काढून घेण्याचे कारण नाही.

इतर अपंगत्वांत अडथळे वेगळे असतात. कर्णबधिर मूल ओठांकडे पाहून समजून घेत असते. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड केले की त्याचा धडा तिथेच तुटतो. भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशात २०२१ सालापर्यंत दहा हजार शब्द आले, पण त्यातल्या विज्ञानाच्या संज्ञा वर्गात वापरणारे शिक्षक तयार करणे हे वेगळेच काम आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला सवलत नको असते, तिला फक्त कमी उंचीचे टेबल हवे असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का, हे पाहावे लागेल. वरचे दार असे उघडत आहे. पण तिथवर जाणारा जिना आठवी-नववीतच काढून घेतला, तर राखीव जागा भरणार कोण?

सवलत आज सरसकट रद्द करणे चूक ठरेल. साधने न देता सक्ती केली, तर तिची किंमत सर्वात दुबळे मूलच मोजेल. पण सवलत हाच राजमार्ग मानणेही तितकेच चूक आहे. क्रम उलटा करावा लागेल: आधी साधने, मग संधी आणि त्यानंतरही मुलाला नको असेल तर सूट. बालभारतीने गणित-विज्ञानाची पुस्तके आकृत्यांच्या वर्णनासह, स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी द्यावीत. मंडळाने गणिताच्या लेखनिकाला विषयाची चिन्हे येतात याची खात्री करावी आणि सक्षम विद्यार्थ्याला संगणकावर उत्तरे लिहू द्यावीत. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि इतर शाळा शिक्षण विभागाकडे आहेत. फिरते विज्ञान शिक्षक आणि साधनपेट्या दोन्हींनी मिळून वापरल्या, तर खर्चही आवाक्यात राहील. जिने सूट घेतली तिला पुढे गणित देऊन परतण्याची वाटही असावी.

हे सारे होईपर्यंत मुख्याध्यापक आणि पालक यांच्या हाती एक गोष्ट आहेच. सूट मागणाऱ्या अर्जावर सही करण्याआधी मुलाला विचारा, की तुला हा विषय नको आहे, की तो तुझ्यापर्यंत कधी नीट पोचलाच नाही? उत्तर दुसरे असेल, तर सही करू नका.