रहीम साहेब: मैदानातले मास्तर

2024 च्या रमजान ईदला ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरात सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा उच्चारले गेले. ज्यांच्या घरी सिनेमा पाहत नाहीत, त्यांच्याही कानावर ते मुलांच्या तोंडून आलेच. त्यानंतर आम्हाला विचारणा होऊ लागली की हा माणूस खरोखर होता का, की पडद्यासाठी रचला? होता. आणि पडद्यावर जेवढा दिसला, त्याहून अधिक होता. खेळाविषयी बोलताना गोल कोणी केला, धावा कोणी काढल्या, इथेच आपले बोलणे संपते. त्या पायांना आणि हातांना कोणी शिकवले, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या महिन्याचे पान आम्ही एका शिकवणाऱ्यासाठी ठेवले आहे.

रहीम साहेबांचा जन्म 1909 चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून शिक्षण घेऊन ते शाळेत मास्तर झाले. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांत त्यांनी शिकवले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. 1943 मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले. फुटबॉल पुष्कळ जण खेळतात, पण तो शिकवता येतो आणि तोही वर्गातल्या धड्यासारखा पायरीपायरीने, हे त्यांनी मास्तर असल्यामुळेच ओळखले असावे, असे आम्हाला वाटते.

त्या काळचे हैदराबाद हे आपल्यापैकी अनेकांना परके नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर तिथल्या मुसलमानांची मने किती खचली होती, हे मराठवाड्यातल्या बुजुर्गांकडून आपण ऐकत आलो आहोत. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, रहीम साहेबांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. पोलिसांतल्या नोकरदारांचा हा संघ मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक खेळायला येई. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे त्याने तो चषक हैदराबादला नेला. त्याआधी देशाचा फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असा रिवाज होता.

ते शिकवत कसे, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण यातले काही आपल्या गल्लीतही करता येईल. उजव्या पायाने खेळणारा पोरगा डावा पाय नुसता उभे राहण्यासाठी वापरतो. त्याला कितीही सांगितले तरी चेंडू आला की उजवाच पाय पुढे येतो. रहीम साहेबांनी यावर उपदेश केला नाही. त्यांनी स्पर्धाच अशा भरवल्या, की त्यांत कमजोर पायानेच चेंडू मारायचा. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे पळायला बंदी. चेंडू आला की लगेच दुसऱ्या भिडूकडे द्यायचा. आपल्याकडे चार जणांना चकवणाऱ्या पोराचे फार कौतुक होते आणि बाकीचे दहा जण उभे राहून बघतात. या नियमाने त्या दहांनाही खेळात आणले. याला ना खर्च लागत, ना परदेशी साहित्य.

1951 मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलवर भारताने इराणला हरवले आणि सुवर्णपदक घेतले. प्रशिक्षक रहीम साहेब होते. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुतले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते आणि फिनलंडची ओली, थंड जमीन त्यांना ठाऊक नव्हती. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अशा पराभवानंतर प्रशिक्षकाला घरी बसवणे सोपे असते. ते झाले नाही, हे देशाचे नशीब. चारच वर्षांनी मेलबर्नमध्ये याच माणसाच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवले आणि ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा त्या सामन्यात तीन गोल करून गेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली ती आजवरची आपली सर्वांत मोठी मजल आहे.

त्या संघात तुलसीदास बलराम होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरचा मुलगा. रहीम साहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला बोलावले. रोज शहरात यायला आपल्याकडे पैसे नाहीत, असे त्याने सांगितले. तेव्हा सायकल भाड्याने घेण्याचे पैसे मास्तरांनी दिले, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगत. मुलगा कोणत्या घरचा, कोणत्या धर्माचा, हे त्या हिशेबात नव्हते. चेंडू आल्यावर तो काय करतो, एवढेच होते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्हाला हे लिहावेसे वाटले. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात रहीम साहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. भारत तिथे तीन सामने खेळला. हंगेरीशी 2-1 असा हरला, फ्रान्सशी 1-1 बरोबरी केली, पेरूकडून 3-1 ने मात खाल्ली. तिन्ही वेळा अकरा नावे ठरवणारा बाप आणि तिन्ही वेळा मुलाचे नाव त्यात नाही. एखाद्या सामन्यात घेतले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. मुलगा निवड होऊनच आला होता. आपल्या मोहल्ल्यातल्या टीमा आठवा. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि ज्याचे चाचा कमिटीवर तो कॅप्टन. शाळेच्या, जमातीच्या, संस्थेच्या कारभारातही हेच चालते, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. निवड ही अमानत आहे, असे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. रोममध्ये एका बापाने ती तीन वेळा सांभाळली.

दोन वर्षांनी जकार्ता. रहीम साहेबांना तोवर कर्करोग जडला होता. तरी ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 ने हरवले. पुढे थायलंडविरुद्ध बचावातला आधार जर्नेलसिंग याच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. दुसऱ्या कोणी त्याला विश्रांती दिली असती किंवा पट्टी बांधून जुन्याच जागी उभे केले असते. मास्तरांनी त्याला थेट आघाडीवर नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला आपण 3-2 ने हरवले, त्यातला एक गोल जर्नेलचा.

अंतिम सामना 4 सप्टेंबर 1962 ला, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या पथकांना येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि शहर भारताविरुद्ध पेटले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. जकार्ता हे मुसलमानांचे शहर, भारताचे प्रशिक्षक मुसलमान, पण लाखभर प्रेक्षकांच्या त्या स्टेडियममध्ये त्याचे कोणाला काय! भारताच्या पायात चेंडू आला की हुर्यो उडत होती. आदल्या रात्री मास्तरांनी खेळाडूंना जवळ बोलावून एक तोहफा मागितला होता, उद्याचे सुवर्णपदक. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, काही मिनिटांतच टाके घातलेल्या जर्नेलने दुसरा. कोरियाने अगदी शेवटी एक फेडला. 2-1. संघात गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता, हैदराबादचा पीटर थंगराज होता, बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार होते आणि पंजाबचा जर्नेल.

नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 ला, रहीम साहेबांचे निधन झाले. वय 53. अल्लाह त्यांची मगफिरत करो. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सरकारने 1985 साली सुरू केला, तोवर त्यांना जाऊन 22 वर्षे झाली होती. 1960 नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही आणि आशियाई खेळांतले फुटबॉलचे सुवर्ण 1962 नंतर परत आलेले नाही.

रोमला बाकावर बसलेल्या मुलाचे काय झाले, तेही सांगायला हवे. शाहिद हकीम हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि मग वडिलांच्याच वाटेने प्रशिक्षक. 1998 मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाने ड्युरँड चषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. 2017 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. ऑलिंपिकचा एकही सामना ते खेळले नाहीत.