मांडवातला कापडी झेंडू



वैशाखात एका कार्यकर्त्याच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही पेणला गेलो होतो. मांडव मोठा झोकात सजवला होता. दाराला झेंडूची तोरणे, खांबांना निशिगंध, नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे गुलाबांची भिंत. जवळ जाऊन हात लावला तर एकही फूल खरे नाही. झेंडू कापडाचा, निशिगंध प्लास्टिकचा. खरी फुले होती ती दोन हारांत आणि बायकांच्या गजऱ्यांत. त्यातलाही नवरदेवाचा हार मुहूर्ताच्या आधीच काळवंडला होता.

मांडववाला म्हणाला, "बघा साहेब, म्हणूनच आम्ही खरी फुलं लावत नाही. आमची फुलं धुतली की पुढच्या लग्नाला तयार."

या बोलण्याचा आम्हाला राग आला, पण उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीसाठी रोह्याला निघालो. वाटेत नागोठणे लागते. तिथे 1990 च्या सुमारास सुरू झालेला पेट्रोकेमिकलचा कारखाना आहे. प्लास्टिकचा दाणा तिथे तयार होतो. पेणच्या पलीकडे पाताळगंगेला 1982 पासून पॉलिएस्टरचा धागा निघतो. मांडवातली फुले याच मालाची होती असे आम्ही म्हणत नाही. अशी फुले बरीचशी चीनमधून येतात. पण त्या झेंडूची पाकळी पॉलिएस्टरची असते आणि देठ प्लास्टिकचा. कापूसवाल्यांनो, हा धागा ओळखलात का? आपल्या कापसाच्या गळ्याला ज्याने फास लावला तोच हा धागा. आधी तो धोतर-लुगड्यात शिरला, आता देवाच्या आणि नवरीच्या गळ्यात शिरतो आहे. फूलवाल्याचे दुखणे आपल्याला परके नाही.

सरकारला जाग आली नाही असे नाही. जुलै 2025 मध्ये विधानसभेत या प्रश्नावर चर्चा झाली आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले, जे याच रायगड जिल्ह्याचे आहेत, त्यांनी कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याचे जाहीर केले. टाळ्या वाजल्या. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे मुंबईत फुलाला संरक्षण आणि दिल्लीत कापसाला वाऱ्यावर सोडणे. सरकारी संरक्षण कसे असते हे 1972 च्या एकाधिकार कापूस खरेदीपासून आपण भोगले आहे. जो हात छत्री धरतो, तोच पाऊस सुरू झाला की छत्री मिटतो.

बंदी आली तर येऊ द्या, आमची ना नाही. पण बंदीने काळवंडलेला हार ताजा होणार नाही. तो हार का काळवंडला याची आम्ही चौकशी केली. आदल्या दुपारी आणलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला, आणि तोही जिथे पंगतीच्या आंब्यांची अढी घातली होती त्याच खोलीत! पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. आंबा त्याने पिकतो, गुलाब त्याने लवकर गळतो. दोष फुलाचा नव्हता, आपल्याच माणसांच्या अडाणीपणाचा होता. मांडववाल्याला आपणच कारण पुरवले.

म्हणून घरात लग्न असेल तर एवढे ध्यानात ठेवा. झेंडू घेताना मागची हिरवी वाटी घट्ट आहे का ते पाहा. पाकळी ओढली तर हातात येता कामा नये. वजन वाढावे म्हणून पाणी मारलेला ढीग घेऊ नका, तो आतून तापतो आणि रातोरात कुजतो. मोगऱ्याची कळी पांढरी, भरलेली, पण मिटलेली घ्यावी. सकाळी तोडलेली कळी संध्याकाळी उमलते. तोवर ती ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात ठेवावी. निशिगंधाच्या दांडीवर खालची दोन-तीन फुले उमललेली असली की पुरे. दांडी तळाशी तिरकी कापून स्वच्छ पाण्यात उभी करावी आणि पाणी रोज बदलावे. गुलाबाची पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. हार शक्यतो पहाटे गुंफावा, आणि मुहूर्तापर्यंत टोपलीत, सावलीत, पंख्याच्या झोतापासून व आंब्या-केळ्यांपासून दूर ठेवावा. याला पैसा लागत नाही, फक्त लक्ष लागते.

आता पिकवणाऱ्याचा हिशेब. दसऱ्याला झेंडूला भाव येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच झेंडू रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो. का? तर सगळ्यांचा माल एकाच दिवशी एकाच मंडईत जातो. पण लग्नाचे गिऱ्हाईक वेगळे आहे. त्याची तारीख महिना-दोन महिने आधी ठरते आणि पत्रिकेत छापून येते. झेंडूचे रोप लावल्यापासून फूल यायला जवळपास तेवढाच काळ लागतो. ज्वारीला, कापसाला असे तारीख सांगणारे गिऱ्हाईक कधी मिळाले आहे काय?

कपाशीच्या कडेने झेंडूची ओळ लावा, असे आम्ही कृषी पदवीधर वर्षानुवर्षे सांगत आलो. हिरव्या बोंडअळीसाठी ते सापळा पीक आहे. (गुलाबी बोंडअळीवर त्याचा उपाय चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.) पण त्या ओळीवरचे फूल कुणाला विकायचे, हे आम्ही कधी सांगितले नाही. ती आमची चूक. कोरडवाहू रानात वैशाखाच्या लग्नासाठी फूल होणार नाही, तिथे विहिरीला पाणी हवे. पण तुळशीच्या लग्नानंतर कार्तिक-मार्गशीर्षात जी लग्ने लागतात, त्यांच्यासाठी खरिपाची ओळ उपयोगी पडते. तालुक्यातल्या लग्नघरांची यादी करा, इसार घेऊन फूल द्या, आणि पहाटे तोडलेले फूल दुपारच्या आत मांडवात पोचवा.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्याकडच्या मार्गशीर्षातल्या लग्नांच्या तारखा लिहून आणाव्यात. आणि आपल्या घरच्या मांडवाला कापडी झेंडू लागणार नाही, हे आधी घरात ठरवून यावे. दुसऱ्याच्या मांडवाबद्दल नंतर बोलू.