ऊरु की तांडा?

प्रवेशाच्या गर्दीत परवा एक मुलगी फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आली. पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवून तिने विचारलं, "सर, ऊरु बरीला, तांडा बरीला?" गाव लिहू की तांडा? मी इतिहास शिकवतो, तरी चटकन उत्तर सुचलं नाही.

बिदर-कलबुर्गीकडे तांडा म्हटलं की गावापासून थोडी लांब असलेली लमाणी वस्ती डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ नेमका उलटा. तांडा म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा चालता काफिला. मुक्काम पडे, तळ उठे, तांडा पुढे जाई. लवण म्हणजे मीठ, ते वाहणारे म्हणून लवाण, लमाण, अशी व्युत्पत्ती सांगतात. कोकणातलं मीठ वर आणि वरचं धान्य खाली, हा त्यांचा धंदा.

अमेरिकेतले काउबॉय आपल्या मुलांना सिनेमामुळे पाठ आहेत. टेक्सासमधली गुरं शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वेस्टेशनापर्यंत न्यायची, हा त्यांचा उद्योग. तो १८६७ च्या सुमारास जोरात आला आणि वीसेक वर्षांत आटोपला. आमचे तांडे कित्येक शतकं चालले. पण त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार?

आकडे तर थक्क करणारे आहेत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तरेत धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. गोवळकोंड्यापर्यंत फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलं आहे. समोरून असा तांडा आला तर वाटसरूने बाजूला थांबायचं, दुसरा इलाज नव्हता! वेग मात्र दिवसाला तीन-चार कोस. याला आळस समजू नये. बैल चरत चरत जात. वाटेवरचं गवत, पडीक रान, तळ्याकाठ हाच त्यांचा चारा, आणि तो फुकट. बैलगाडीपेक्षा तांड्याची वाहतूक स्वस्त पडायची ती यामुळेच. बायका, लेकरं, म्हातारी माणसं, सगळं घरदार बरोबर. पुढच्या बैलाला घुंगरं आणि कवड्यांचा साज असे.

फौजांचं पोटही तांड्यांवर चाले. मोगलांचं चाले, तसंच इंग्रजांचंही. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीला धान्यासाठी याच लोकांचा आधार घ्यावा लागला. मोहिमांची वर्णनं आम्ही वर्गात तासभर सांगतो. दाणागोटा कोणी आणला, हे सांगायचं मात्र राहून जातं. मीही त्यातलाच.

मग आगगाडी आली. १८७१ साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला, आणि १८७४ साली आपल्या वाडीहून सिकंदराबादकडे निजामाची रेल्वे सुरू झाली. त्याच १८७४ साली तिकडे अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळी कुरणं कुंपणात जाऊ लागली. फरक असा, की तिथे गुरं चालत जायची ती रेल्वेसाठीच. इथे रेल्वेने बैलाच्या पाठीवरची गोणीच काढून घेतली. रानांवर जंगलखात्याचे नियम आले, पडीक जमिनी नांगराखाली गेल्या, आणि तांडे जागा मिळेल तिथे बसले. बहुधा गावाबाहेर, माळावर.

त्यात इंग्रजी मुलखात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. ज्याला घर नाही तो संशयित! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द त्यातूनच आला. पुढे राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि एकाच समाजाला तीन नावं मिळाली. कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. बिदरच्या तांड्यातली मुलगी उदगीरला किंवा जहिराबादला दिली, की तिकडच्या राज्याच्या सवलतींसाठी तिचा इकडचा दाखला चालत नाही. ज्यांच्या बैलांना कधी सीमा नव्हती, त्यांच्या लेकींना ती आडवी येते. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

तांड्यांना महसुली गाव करण्याचं काम मात्र आपल्याकडे झालं आहे. १९ जानेवारी २०२३ ला मळखेडला, म्हणजे राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, बिदर-कलबुर्गीसह पाच जिल्ह्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक तांडेवासी कुटुंबांसाठी जागेच्या हक्कपत्रांचं वाटप झालं. पायाखालची जमीन कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

हे सगळं त्या मुलीला कुठे सांगत बसू? "दोन्ही लिही," म्हणालो. तिने लिहिलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "घरी बैल आहेत का गं?"

"होते, सर. बा नं विकले. आता बा आणि याडी दिवाळी झाली की पुण्याला जातात, बांधकामावर." याडी म्हणजे आई.

"कशाने जातात?"

"रेल्वेनं, सर."