माप कुणाच्या हातात?



गणपती उठले की शिरूरच्या बाजारात आणि दौंडच्या दुकानांत उटण्याच्या पुड्या टांगलेल्या दिसतात. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा हे जिन्नस जुनेच. कोरड्या थंडीत अंग उलू नये, तेलाचा ओशटपणा निघावा, घमघमाट सुटावा, एवढ्यासाठी आज्या ते लावायच्या. आता पुडीवर लिहिलेलं असतं, ‘नितळ गोरेपणा’. जिन्नस बदलले नाहीत, आश्वासन तेवढं बदललं. दिवाळीची पहिली आंघोळसुद्धा आता अंगाला नावं ठेवून सुरू होते.

लक्ष्मीपूजनाला पाटावर जी तसबीर येते, तिचाही चेहरा कुणीतरी ठरवलेला आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात आला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देवदेवता घरोघर पोचवल्या. देवळाची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती त्यांच्या भिंतीवरही देव आला, हे त्या चित्रांचं मोठं काम. पण त्यांच्याबरोबर देवीचा एकच गोरा, रेखीव चेहराही घरोघर गेला. देव्हाऱ्यातल्या टाकावरची देवी गोरीही नव्हती आणि काळीही नव्हती. ती पितळेची किंवा चांदीची होती आणि त्यावर कुणाचंही अडत नव्हतं.

मग आपली मासिकं आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मराठी घरांना चित्र बघण्याची गोडी लावली. ते ऋण मोठं आहे. तरीही दिवाळी अंकाच्या संपादकीयात हे नमूद करायलाच हवं की आत स्त्रीसुधारणेवर लेख, वर चाफेकळी नाकाची गौरांगना आणि मागच्या पानावर साबणाची जाहिरात, ही मांडणी आपलीच होती. १९४१ मध्ये अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. पडद्यावरचा चेहरा आणि न्हाणीघरातला साबण यांची जी सोयरीक तेव्हा जुळली, ती अजून टिकून आहे.

हा विषय ‘मुंबईकडचा’ वाटत असेल, तर केडगावला चला. आपल्या दौंड तालुक्यातल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्याला आणलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, त्यांना केडगावच्या जमिनीवर आसरा मिळाला. त्या काळी उच्चवर्णीय विधवेचं केशवपन होई. त्यामागचा हिशेब उघड होता. नवरा गेला, आता ही कुणाच्या नजरेत भरता कामा नये. म्हणजे बाईनं सुंदर कधी दिसायचं हे समाज ठरवी, आणि कुरूप कधी व्हायचं हेही समाजच ठरवी. वस्तरा त्याच्या हातात होता. त्या वस्तऱ्याला नकार द्यायला १८९० मध्ये मुंबईतले न्हावी एकत्र आले, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं.

केडगावात बायकांनी काय केलं? विणकाम केलं, शेती केली, छापखाना चालवला. खिळे जुळवणं, शाई लावणं, कागद ओढणं, बांधणी, सगळं बायकांच्या हातचं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, याच छापखान्यातून बाहेर पडलं. कसं दिसायचं हे ज्यांना इतरांनी सांगितलं होतं, त्यांच्या बोटांना शाई लागली. ‘माध्यमं’ हा शब्द आपण आज फार वापरतो. या तालुक्यात एक माध्यम शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या हातात होतं, ही आठवण असू द्यावी.

आणि केडगावला लागूनच चौफुला आहे. सोलापूर रस्त्यावरची तिथली कलाकेंद्रं लावणीसाठी प्रसिद्ध आहेत. किलो-किलोनं घुंगरू पायात बांधून, नऊवारीचा काष्टा आवळून तिथल्या कलावंतिणी रात्र जागवतात. त्यांचं पोट दिसण्यावर आहे. टाळ्या वाजवणारा समाज तेच दिसणं स्वतःच्या उंबऱ्याआड येऊ देत नाही. विधवेनं दिसू नये म्हणून तिचे केस उतरवले, कलावंतिणीनं दिसावं म्हणून तिला नटवलं. दोन्हीकडे बघणाऱ्याचाच हुकूम.

आता वस्तरा लागत नाही, मोबाइल पुरतो. कॅमेरा उघडला की तो न विचारता कातडी उजळ करतो, हनुवटी निमुळती करतो, आणि मग आरशातला चेहरा परका वाटायला लागतो. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ ला बाजारात आली. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. दुकानातली मागणी नावाबरोबर बदलत नाही. शिक्का नसलेल्या डब्यांत कधी स्टेरॉइड असतं, कधी पारा असतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांच्या मूत्रपिंडाच्या आजाराचं मूळ शोधता शोधता डॉक्टर त्या वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचले. गोरेपणाची किंमत मूत्रपिंडानं मोजायची वेळ येते, ती अशी.

पोरंही यातून सुटलेली नाहीत. तालमीत अंग कमावलं जाई ते कुस्तीसाठी. पहिलवानाच्या पोटाकडे कुणी बघत नसे, त्याच्या डावाकडे बघत. आता रांजणगावच्या कंपनीतली पाळी संपवून पोरं जिममध्ये जातात ती पोटावरचे चौकोन मोजायला. पगारातले पैसे पावडरीच्या डब्यांत जातात आणि इंजेक्शनची कुजबुज चालते ती वेगळीच.

मग अंगाला मापच नको का? तसं नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. पहाटे मैदानावर गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतील. घामानं थबथबलेली, रापलेली, गोळा फेकून खांदे भरलेली. तिथंही माप आहेच. राखीव दलासाठी मुलाची उंची १६८ सेंटीमीटर हवी, पोलीस शिपाई व्हायला मुलीची १५५ हवी, आणि दोघांनाही ठरल्या वेळेत धावायचं असतं. माप कठोर आहे, अर्ध्या सेंटीमीटरनं पोर रडत घरी येतं. पण ते जाहिरातीत छापलेलं असतं, पाटलाच्या पोराला आणि मजुराच्या पोराला एकच असतं, आणि त्याचा कामाशी काही संबंध असतो. सौंदर्याच्या मापाला यातलं काहीच नाही. ते कुठं छापलेलं नसतं, दर हंगामाला सरकतं आणि त्यावर अपील करता येत नाही. गाठायला जावं तर पुढं पळतं, कारण ते गाठलं गेलं तर विकणाऱ्याचा धंदा बसेल.

नटण्याची हौस वाईट नाही. गजरा माळावा, नथ घालावी, पोरांनी खुशाल केसांचा भांग बदलावा. हौस आपली असते. धाक मात्र दुसऱ्याचा असतो. दोन्ही एकाच आरशात दिसतात, म्हणून गल्लत होते.

यंदाच्या अंकाचा विभाग याच गल्लतीवर आहे.  त्वचा उजळ करण्याची हमी देणारी जाहिरात यंदा आम्ही घेतलेली नाही, पुढेही घेणार नाही.

वाचकांकडे मागणं एकच. तुळशीचं लग्न लागलं की बायोडाटे छापायला निघतील. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून पारावर हळहळणारे आपणच, आणि स्थळ सांगून आलं की ‘रंगानं कशी आहे?’ हा पहिला प्रश्नही आपलाच. विधवेच्या कुंकवाला, बांगड्यांना हात लावायचा नाही असा ठराव २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं केला. एका ग्रामपंचायतीला ते जमलं. आपल्याला कागदावरचा एक रकाना गाळायला ग्रामसभाही लागत नाही. शिक्षण लिहा, काम लिहा, शेती लिहा. ‘वर्ण’ लिहू नका, आणि समोरच्यानं विचारला तर सांगू नका.

शुभ दीपावली!

– संपादक