संगणक बंद, घड्याळ चालू: फुकट मदत करणाऱ्यालाही डेडलाइन का?

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे उतरलेली मेथी-कोथिंबीर सकाळी विकली गेली नाही, तर दुपारी तिला कुणी विचारत नाही. त्याच यार्डाच्या भुसार विभागात गव्हाची पोती आठवडाभर पडून राहिली तरी मालाचं काही बिघडत नाही. आवार एकच, घाई मात्र एकालाच.

लोकांच्या घरातल्या आणि दुकानातल्या संगणकांवर विज्ञानाची गणितं करून घेणाऱ्या प्रकल्पांचंही असंच आहे. फरक इतकाच की तिथे कधीकधी गव्हालाही मेथीचा नियम लावला जातो.

या प्रकाराला स्वयंसेवी संगणन म्हणतात. 1999 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून 'सेटी ॲट होम' सुरू झालं आणि ही कल्पना जगभर पोचली. तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा तो परग्रहावरचे संकेत शोधणार, खर्च फक्त तुमच्या विजेचा. सेटीने 31 मार्च 2020 ला नवीन काम देणं थांबवलं. पण त्याच मंडळींनी तयार केलेलं 'बॉइंक' हे सॉफ्टवेअर आजही डझनावारी प्रकल्प वापरतात.

त्यातला एक प्रकल्प पुणेकरांना जवळचा वाटावा असा आहे. 'आइनस्टाइन ॲट होम' 2005 पासून लायगो वेधशाळांच्या नोंदींमध्ये गुरुत्वीय लहरी शोधतो. लायगोच्या कामात पुण्याची आयुका ही संस्था बरीच वर्षं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती वेधशाळा सुरू झाली की नोंदींचा ढीग वाढणार आणि तो उपसायला आणखी संगणक लागणार.

मग मुदतीचा प्रश्न कुठे येतो?

सर्व्हर तुमच्या संगणकाला एक तुकडा पाठवतो आणि परत देण्याची तारीख सांगतो. बऱ्याचदा तोच तुकडा दुसऱ्या कुणालाही दिलेला असतो, कारण अनोळखी संगणकावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. दोन्ही उत्तरं जुळली तर काम पक्कं. एकाने तारीख चुकवली, तर तो तुकडा तिसऱ्याकडे जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही मुदत घड्याळाची असते, संगणक प्रत्यक्ष किती तास चालला त्याची नाही. संगणक बंद असला तरी वेळ जातच राहतो.

समजा, यार्डातल्या एखाद्या आडत्याच्या गाळ्यात हिशोबाचा संगणक आहे. तो बिलं आणि पट्ट्यांच्या कामातून मोकळा होऊन दिवसाला 4 तास बॉइंकसाठी मिळतो. तुकडा 20 तासांचा आहे. मुदत 14 दिवसांची असेल तर दोन साप्ताहिक सुट्ट्या धरूनही 48 तास हातात येतात, म्हणजे निवांत काम. मुदत 7 दिवसांची असेल तर एक सुट्टी गेली, गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली (पुण्यात गुरुवार म्हटलं की समजून जायचं), उरले बरोबर 20 तास. मुदत 3 दिवसांची असेल तर मिळतात 12 तास. अर्धं काम, आणि त्याची वीज व्यावसायिक दराने भरलेली.

उशिरा दिलेलं उत्तर कधीकधी स्वीकारलंही जातं, पण तोवर तिसऱ्या संगणकाने तेच गणित पुन्हा केलेलं असू शकतं.

काही प्रकल्पांची घाई खरी असते. 'फोल्डिंग ॲट होम' प्रथिनांच्या हालचालींचा अभ्यास करतो. तिथे एका तुकड्याच्या उत्तरातूनच पुढचा तुकडा तयार होतो, त्यामुळे एक जण अडला की त्याच्यामागची सगळी साखळी अडते. म्हणूनच तिथे लवकर काम परत देणाऱ्याला जादा गुण मिळतात. कोविडच्या काळात 'रोझेटा ॲट होम'ने 3 दिवसांची मुदत लावली, तीही समजण्यासारखी होती. हा सगळा मेथीचा व्यवहार.

आता गव्हाचं उदाहरण बघा. 2010 मध्ये आइनस्टाइन ॲट होमने एक नवा पल्सार शोधला. तो सापडला अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या संगणकावर. पण अरेसिबो दुर्बिणीने ती नोंद घेतली होती 2007 मध्ये. तीन वर्षं थांबलेल्या नोंदीला आणखी दोन आठवडे जड गेले नसते. हवामानाची प्रारूपं चालवणारा 'क्लायमेटप्रेडिक्शन' तर एकेकाळी जवळपास वर्षाची मुदत द्यायचा.

प्रकल्प चालवणाऱ्यांचीही बाजू आहे. तुकडा परत येईपर्यंत त्याच्या फायली सर्व्हरवर सांभाळाव्या लागतात. हजारातले दहा तुकडे रखडले तरी अख्खी तुकडी बंद करता येत नाही, आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं मोजकीच असतात. अडचण खरी आहे, पण ती गोदामाची आहे. मुदत आखडली की तिचा भार गोदामावरून गाळ्यावर येतो. टिकतात ते चोवीस तास चालणारे, महागडी ग्राफिक्स कार्डं असलेले संगणक. शाळेची लॅब, छोटं दुकान, भारनियमनाच्या गावातला संगणक हे सगळे गळतात. खरं तर याच रिकाम्या वेळासाठी ही कल्पना जन्माला आली होती.

थोडी सोय वापरणाऱ्याच्याही हातात आहे. एका वेळी एकच प्रकल्प घ्यावा, तोही लांब मुदतीचा. सेटिंगमध्ये 'किती दिवसांचं काम साठवायचं' हा आकडा अगदी कमी ठेवावा. अनेक जण तो वाढवून ठेवतात आणि मग रांगेतल्या शेवटच्या तुकड्यांची तारीख हमखास चुकते.

शिवाय बॉइंक तुमचा संगणक दिवसातला किती वेळ चालू असतो, याची नोंद ठेवतं. त्यावरून काम वेळेत होणार नाही असं दिसलं, तर सर्व्हर तुकडा पाठवतच नाही. तसा एक ओळीचा संदेश सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत येतो. तो न वाचणाऱ्याला वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं, आणि तो ते काढून टाकतो.